हाडातून ऐकू येते, पण कोणाला?

आषाढ पौर्णिमेला आमच्या विहारात वर्षावासाचे ग्रंथवाचन सुरू झाले. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' दरवर्षीप्रमाणे उघडला गेला, खीर वाटली गेली, लहान मुलांनी दंगा केला. सगळे होते, पण पहिल्या ओळीतली एक जागा रिकामी होती. महालातले एक म्हातारे उपासक तिथे वर्षानुवर्षे बसत आले आहेत. आयुष्याची तीस वर्षे नागपुरातल्या एका कापड गिरणीत काढलेला हा माणूस. घरी नातवंडे त्यांना आबाजी म्हणतात, आणि आता गल्लीही म्हणते. चौकशी केली तेव्हा कोणी म्हणाले, "त्यांना ऐकू येत नाही आता, येऊन काय करतील?"

दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेलो. बुधवार बाजाराच्या मागची अरुंद गल्ली, समोरासमोरच्या ओसऱ्या. आबाजी दारातच बसले होते. जयभीम घातला, तर त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "जेवलो, जेवलो." आतून सूनबाई आल्या. पाणी दिले आणि एक चकचकीत खोका माझ्या पुढ्यात ठेवला.

"भाऊ, तुम्ही पेपरात लिहिता. हे पाहून सांगा बरं. पोरानं आबाजीसाठी आनलं, पगारातून पैसे जमवून. सात हजार गेले. इकणारा म्हणे, हाडातून ऐकू येते, बहिऱ्यालेही ऐकू येते. मामाजीले तर काहीच फरक नाही. मशीन खराब हाये का?"

मी म्हणालो, "ताई, मशीन पाहतो. पण आधी तुमच्या सासऱ्यांचा कान पाहायला हवा."

त्या घरात तासभर जे बोलणे झाले तेच आज या सदरात लिहितो आहे, कारण हा खोका एकाच घरात आलेला नाही. मोबाइलवर याच्या जाहिराती सतत येतात, आणि ज्यांच्या घरी ऐकू न येणारे माणूस आहे त्यांना त्या लवकर पटतात.

हे यंत्र दिसते असे. डोक्याच्या मागून जाणारी एक वाकलेली पट्टी आणि तिच्या दोन टोकांना दोन बोंडे. ही बोंडे कानाच्या भोकात जात नाहीत. ती कानाच्या पुढे, गालफडाच्या हाडावर टेकतात. कान उघडाच राहतो. बोंडे बारीक थरथरतात, ती थरथर कवटीच्या हाडातून थेट आतल्या कानापर्यंत पोचते आणि गाणे ऐकू येते. इंग्रजीत याला बोन कंडक्शन हेडफोन म्हणतात.

यात जादू काहीच नाही. घरी करून पाहा. दोन्ही कानांत बोटे घाला आणि हळू आवाजात त्रिसरण म्हणा. बाहेरचा आवाज बंद झालेला असतो, पण तुमचा स्वतःचा आवाज उलट मोठा आणि घुमल्यासारखा ऐकू येईल. तो हाडातून येतो. आपलाच आवाज मोबाइलवर भरून ऐकला की परका वाटतो, त्याचेही कारण हेच. इतर लोक आपला आवाज फक्त हवेतून ऐकतात, आपण मात्र तो हवेतून आणि हाडातून असा दोन्हीकडून ऐकत असतो. टिकटिक करणारे घड्याळ कानामागच्या उंचवट्यावर टेकवून पाहा, मुलांना मौज वाटेल. फोनोग्राफ शोधणारा एडिसन स्वतः जवळजवळ बहिरा होता. तो यंत्राच्या लाकडाला दात लावून आवाज ऐकत असे.

आता कंपनीविषयी. या धंद्यातले सर्वांत माहितीचे नाव म्हणजे शॉक्झ. (आबाजींच्या घरातला खोका त्यांचा नव्हता, दुसऱ्याच कोणाचा होता.) चीनमधल्या शेन्झेन शहरात २००४ साली व्हॉक्सटेक नावाची कंपनी निघाली. तिनेच २०११ मध्ये आफ्टरशॉक्झ या नावाने असे हेडफोन बाजारात आणले, आणि २०२१ च्या डिसेंबरात नाव आखडून नुसते शॉक्झ केले. त्यांचा ओपनरन नावाचा हेडफोन अवघा २६ ग्रॅम वजनाचा आहे.

पण हा माल त्यांनी कोणासाठी बनवला, हे नीट लक्षात घ्या. तो बहिऱ्यांसाठी बनवलेलाच नाही. तो ज्यांचे कान ठणठणीत आहेत अशा माणसांसाठी आहे. सकाळी रस्त्याने धावणारा, सायकल चालवणारा माणूस गाणे ऐकताना मागून येणारी मोटार ऐकू शकावा, यासाठी कान उघडा ठेवला. इंग्लंडमध्ये रस्त्यावरच्या धावण्याच्या शर्यतींत कानात खुपसण्याच्या हेडफोनना परवानगी नसताना या प्रकारच्या हेडफोनना ती दिली गेली, याचे कारण तेच. केळीबाग रोडवर संध्याकाळी जो चालला आहे त्याला हे वेगळे समजावून सांगायला नको. ऑटो, ई-रिक्षा, हातगाडी, मागून भरधाव येणारी दुचाकी असताना कानात बोंडे कोंबून चालणारी पोरे पाहिली की माझ्या पोटात गोळा येतो. तेव्हा उघड्या कानाचे हे यंत्र पायी चालणाऱ्याच्या चांगल्या उपयोगाचे आहे, हे मी मान्य करतो. गाडी चालवताना मात्र हेही नको. कान उघडा असला तरी मन गाण्यात असते.

मग बहिऱ्यांना ऐकू येते, हे आले कुठून? त्यात अर्धे सत्य आहे, आणि तेच घातक आहे.

कानाचे तीन भाग आपण शाळेत शिकलो. बाहेरचा कान, त्याच्या शेवटी पडदा. पडद्याच्या पलीकडे मधला कान, त्यात हातोडी, ऐरण आणि रिकीब ही तीन इवलीशी हाडे. त्याच्याही आत गोगलगाईच्या शंखासारखा आतला कान. या शंखात केसांसारखे तंतू असलेल्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. आवाजाची थरथर त्या पेशी टिपतात आणि मज्जातंतूच्या वाटेने मेंदूला कळवतात. खरे ऐकणे तिथे होते. बाहेरचा आणि मधला कान हा नुसता रस्ता.

म्हणून ऐकू न येण्याचे ठळक दोन प्रकार पडतात. एकात रस्ता बंद असतो. कानात मळ घट्ट बसला, पडद्याला भोक पडले, कान वर्षानुवर्षे वाहिला, मधली हाडे झिजली किंवा जखडली, किंवा मूल जन्मतःच कानाचे भोक बंद घेऊन आले. इथे आतला कान शाबूत असतो, फक्त आवाज तिथवर पोचत नाही. दुसऱ्या प्रकारात रस्ता मोकळा असतो, पण आतल्या पेशीच मेलेल्या असतात. वयामुळे, काही औषधांमुळे, किंवा वर्षानुवर्षांच्या मोठ्या आवाजामुळे. माणसात या पेशी एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत.

सूनबाईंना मी असे सांगितले: घराचे पुढचे दार अडले असेल तर मागच्या दाराने आत जाता येते. हाडातून ऐकणे म्हणजे मागचे दार. पण घरात माणूसच राहिला नसेल, तर कोणत्याही दाराने हाक मारा, ओ कोण देणार?

त्या लगेच म्हणाल्या, "मंग मामाजीचं घर रिकामं झालं का?"

पुष्कळसे झाले आहे. पूर्ण नाही. आणि ते कसे झाले, ते सांगायला हवे.

महालातून गांधीसागर तलावाकडे गेले की जिथे आज एम्प्रेस सिटी नावाचे मॉल आहे, तिथे एम्प्रेस मिल होती. जमशेटजी टाटांनी ती १ जानेवारी १८७७ रोजी सुरू केली. त्याच दिवशी व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर केले गेले, म्हणून हे नाव. १९८६ नंतर ती सरकारी महामंडळाकडे गेली आणि २००२ मध्ये बंद पडली. मॉडेल मिलही गेली. गिरण्यांच्या भोंग्यावर ज्यांचे घर चालत होते अशी कित्येक कुटुंबे आजही महाल, गणेशपेठ, पाचपावली या भागांत आहेत. आबाजी यांपैकी कोणत्या गिरणीत होते ते लिहिण्याची गरज नाही. मागांच्या खात्यातला आवाज तेव्हा नागपुरात, मुंबईत आणि इंग्लंडात सारखाच होता.

धोट्याचा माग मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा धोटा इकडून तिकडे फेकतो. प्रत्येक फेकीला लाकडावर लाकूड आपटते. असे शेकडो माग एका छपराखाली. आवाज १०० डेसिबलच्या आसपास जातो. कारखान्यांच्या नियमांत जी मर्यादा घातली गेली ती अशी: ९० डेसिबल आवाजात आठ तास, १०० डेसिबल असेल तर फक्त दोन तास. आबाजींनी आठ तासांची पाळी तीस वर्षे केली. कानात घालायला कापसाशिवाय काही नव्हते, आणि तो कापूसही ते स्वतःच गिरणीतून उचलत. इंग्लंडात लँकेशायरच्या विणकर बाया या गोंगाटात ओठांच्या हालचालींवरून बोलत. त्या बोलण्याला त्यांनी 'मी-मॉ' असे नावच दिले होते. आबाजी म्हणतात, आम्हीही बोटांनी आणि ओठांनीच बोलत होतो. सवय एवढी झाली की घरी आल्यावरही आवाज न काढता बोलायचो, बायको रागवायची.

इथे एक गोष्ट आपल्या इतिहासाची. मुंबईच्या गिरण्यांत मागाच्या खात्यात आपल्या माणसांना शिरकाव नव्हता. धोट्यातले सूत तोंडाने ओढावे लागे, आणि अस्पृश्याचे तोंड लागलेल्या धोट्याला इतर कामगार हात लावायला तयार नसत. मागावर मजुरी जास्त, म्हणून ती जागा बंद. १९२८ च्या संपाच्या काळात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांसमोर ठणकावून मांडला. पुढे ती दारे उघडली. मिळालेल्या हक्काबरोबर मजुरी आली आणि बहिरेपणही आले. हक्क मागितला ते चुकले असे कोणी म्हणू नये. चुकले ते कान झाकायला साधे बोळेही न देणाऱ्यांचे.

मोठ्या आवाजाने कान जातो तो एकदम जात नाही. आधी बारीक, उंच आवाज जातात. पक्ष्याचा, पैंजणाचा, कुकरच्या दूरच्या शिट्टीचा. बोलण्यात काय होते? अ, आ, ओ हे स्वर जाड असतात, ते ऐकू येत राहतात. स, श, फ, ट, क, त यांसारखी व्यंजने बारीक, ती गळून पडतात. 'सात', 'हात', 'भात' हे तिन्ही शब्द नुसते 'आत' होऊन कानावर पडतात. म्हणून असा माणूस म्हणतो, "ऐकू येते, पण समजत नाही." आणि घरचे म्हणतात, "यांना हवे तेवढे बरोबर ऐकू येते." हे वाक्य मी किती घरांत ऐकले आहे! सुनेने जेवायला विचारले तर उत्तर दुसरेच, आणि हळू आवाजात केलेली तक्रार मात्र कशी कळली, म्हणून भांडण. ताई, तुमची तक्रार तुमच्या चेहऱ्यावरून कळते. ओठ वाचायला ते गिरणीत शिकले आहेत. पाठमोऱ्या बोललात तर त्यांना काही कळत नाही. त्यात लबाडी नाही.

ओरडूनही उपयोग नसतो. ओरडल्याने स्वर आणखी मोठे होतात, व्यंजने तशीच हरवतात, आणि म्हाताऱ्या माणसाला वाटते आपल्यावर खेकसत आहेत.

म्हणजे आबाजींचा रस्ता मोकळा आहे, आतल्या पेशी गेल्या आहेत. हाडातून पाठवलेला आवाज त्याच पेशींकडे जाणार. तेव्हा सात हजारांचे यंत्र खराब नव्हते. ते चुकीच्या कानाला लावले होते. शिवाय एक साधी गोष्ट नातवाच्याही लक्षात आली नव्हती. हे यंत्र मोबाइलमधले गाणे आणि फोन ऐकवते. समोर बसलेल्या सुनेचे बोलणे टिपून मोठे करून कानाला देण्यासाठी ते केलेलेच नाही. ते काम श्रवणयंत्राचे.

आता ज्यांचा रस्ता अडला आहे त्यांच्याविषयी, आणि हा भाग लहान मुलांच्या आयांनी जरा सावकाश वाचावा. आपल्या वस्त्यांत कान वाहणारी मुले पुष्कळ. सर्दी होते, मधल्या कानात पू होतो, पडदा फाटतो, कान वाहतो, थांबतो, पुन्हा वाहतो. 'कान फुटला, मोठेपणी बरा होईल' म्हणून सोडून देतात. कोणी कोमट तेल घालते, कोणी लसूण उकळून घालते. फाटलेल्या पडद्यातून ते तेल थेट मधल्या कानात जाते, म्हणून ते अजिबात घालू नये. मूल शाळेत मागच्या बाकावर बसते, गुरुजींचे ऐकू येत नाही, नापास होते आणि मठ्ठ ठरते. अशा कानावर औषध आहे, पडदा शिवण्याची शस्त्रक्रिया आहे. आणि ज्यांना शस्त्रक्रियेने भागत नाही, किंवा ज्यांच्या वाहत्या कानात श्रवणयंत्राचे बोंड घालता येत नाही, त्यांच्यासाठी हाडातून ऐकवणारी खरी श्रवणयंत्रे असतात. ती डोक्याच्या पट्ट्यावर लावतात, किंवा कानामागच्या हाडात टायटॅनियमचा लहान खिळा बसवून त्यावर जोडतात. स्वीडनमधल्या गोटेबर्ग शहरात १९७७ मध्ये अशी पहिली शस्त्रक्रिया झाली. जन्मतः कानाचे भोक नसलेल्या मुलांना या उपायाने बोलणे शिकता आले आहे. त्या अर्ध्या सत्याचा खरा भाग हा आहे. पण ते यंत्र डॉक्टरांनी तपासून द्यायचे असते, जाहिरातीवरून मागवायचे नसते.

आपला कान कोणत्या प्रकारचा, हे कळायला मोठा खर्च लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेत नादकाटा पाहिला असेल. जर्मनीतल्या रिने नावाच्या डॉक्टरांनी १८५५ साली त्याची परीक्षा सांगितली, ती आजही कान-नाक-घशाच्या प्रत्येक ओपीडीत करतात. नादकाटा वाजवून आधी कानामागच्या हाडावर टेकवतात, मग कानासमोर हवेत धरतात. चांगल्या कानाला हवेतला आवाज जास्त वेळ ऐकू येतो. हाडावरचाच जास्त ऐकू आला तर रस्ता अडला आहे. पुढे बंद खोलीत बसवून यंत्राने तपासतात, तेव्हाही कानामागे एक थरथरणारे बोंड लावतात. हे हेडफोन म्हणजे त्या बोंडाचेच बाजारात गेलेले भावंड म्हणा. आपल्याला दूर जायचे कारण नाही. मेयो आणि मेडिकल दोन्हीकडे हा विभाग आहे. निम्म्या वेळा तर नुसता मळ निघतो आणि माणूस हसत घरी येतो, असे एका जुन्या परिचारिकेने मला सांगितले होते. निम्म्या म्हणजे जरा जास्तच, पण मळ निघतो हे खरे.

कोणाला तरीही असा हेडफोन घ्यायचाच असेल, तर खरा-खोटा ओळखण्याची युक्ती सांगतो. 'ओपन इअर' लिहिलेले प्रत्येक यंत्र हाडातून ऐकवत नाही. शॉक्झनेच २०२३ मध्ये काढलेला ओपनफिट कानाबाहेर बसतो, पण आवाज हवेतूनच सोडतो. २०२४ च्या ओपनरन प्रो २ मध्ये हाड आणि हवा दोन्ही वापरले आहे. ते तसे सांगून विकतात, त्यात फसवणूक नाही. पण स्वस्त नकलांत खोक्यावर 'बोन कंडक्शन' छापतात आणि आत साधा चिमुकला स्पीकर निघतो. तेव्हा हेडफोन लावा, गाणे सुरू करा आणि दोन्ही कानांत बोटे घाला. आवाज आणखी भरीव, घुमता झाला तर यंत्र खरे. आवाज एकदम बारीक झाला तर खोटे. नातवाने लगेच करून पाहिले. त्याचा आवाज बारीक झाला. त्याचा चेहरा मला पाहवला नाही. सूनबाईंनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाल्या, "जाऊ दे बाबू, आबाजीसाठीच आनलं होतं ना." दुकानात परत नेला तेव्हा दुकानदार आधी नाही म्हणाला. मोहल्ल्यातली चार पोरे सोबत गेल्यावर बदलून खरा दिला, वरचे पैसे घेऊन.

दुसरी चुकीची समजूत: हाडातून ऐकले की कान खराब होत नाही. होतो. मोठा आवाज पडद्यातून गेला काय आणि हाडातून गेला काय, पोचतो त्याच पेशींपर्यंत. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी सांगितलेली मर्यादा ८० डेसिबल, तीही आठवड्याला ४० तास. मुलांसाठी ७५. आणि उघडा कान असल्यामुळे बाहेर गोंगाट असेल तर माणूस आवाज वाढवतच जातो. हिंगणा किंवा बुटीबोरीच्या कारखान्यात काम करणाऱ्या भावांनी हे विशेष ध्यानात ठेवावे. असा हेडफोन लावून मशीनवर उभे राहणे म्हणजे कानाचे संरक्षण नव्हे. तिथे कानात बोळे किंवा कानावर टोप्याच हव्यात, आणि त्या मालकाने द्यायच्या आहेत. आवाजाने आलेले बहिरेपण हा १९४८ च्या कारखाने कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत नोंद करण्याजोगा रोग होता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या श्रम संहितांतही तो तसाच आहे. नोकरी लागताना कान तपासून घ्या आणि तो कागद जपून ठेवा. आबाजींच्या पिढीकडे तो कागद नव्हता, म्हणून मागायलाही काही उरले नाही.

आणि आता एक कडू गोष्ट, काहींना राग येईल. चौदा एप्रिलच्या मिरवणुकीत डीजेच्या भिंतीसमोर आपली पोरे तासन्‌तास नाचतात, आणि कडेवर वर्षभराची लेकरे घेऊन आया उभ्या असतात. मारबतीच्या दिवशी याच महालात हेच चालते, गणपतीतही चालते, पण दुसऱ्यांचे नाव पुढे करून आपले झाकू नये. दुसऱ्या दिवशी कानात शिट्टी वाजत राहते, ती त्या पेशींची तक्रार आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिवर्धक बंद ठेवायला सांगितले, ते पोलिसांचे काम. पण दुपारी चार वाजता लेकराला डीजेपासून दूर नेणे हे पोलिसांचे काम नाही. गिरणीत आबाजी पोटासाठी उभे होते. आपण वर्गणी काढून उभे राहतो.

आबाजींना पुढच्या आठवड्यात मेयोत नेले. नातवाने सुट्टी घेतली. केसपेपर, नादकाटा, मग बंद खोलीतली तपासणी. कागदावरची रेघ डावीकडून बरी निघाली आणि बारीक आवाजांपाशी येऊन विहिरीत पडावी तशी खाली गेली. डॉक्टर बाईंनी रेघ पाहूनच विचारले, "बाबा, गिरणीत होता का?" आतल्या पेशी बऱ्याच गेल्या आहेत, पण साध्या श्रवणयंत्राने काही फायदा होईल, असे त्यांनी लिहून दिले. लावल्यावर पहिले काही आठवडे भांड्यांचा, पंख्याचा आवाज डोक्यात आदळेल, तरी काढून ट्रंकेत टाकू नका, असेही बजावले.

यंत्रासाठी वाटा आहेत. केंद्राची १९८१ पासूनची एडिप योजना आहे, तिच्यातून कानपूरच्या अलिम्को या सरकारी कंपनीची यंत्रे शिबिरांत मिळत आली. दारिद्र्यरेषेखालच्या ज्येष्ठांसाठी २०१७ मध्ये राष्ट्रीय वयोश्री योजना निघाली. राज्य शासनाने २०२४ मध्ये मुख्यमंत्री वयोश्री योजना काढली, ६५ वर्षांवरील आणि दोन लाखांच्या आत उत्पन्न असलेल्यांना साहित्यासाठी एकदाच ३००० रुपये. तीन हजारांत चांगले यंत्र येत नाही हे मलाही कळते, पण हक्काचे आहे ते सोडू नये. समाजकल्याण कार्यालयात आधी चौकशी करा. आधार, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचे पासबुक आणि कानाच्या तपासणीचा कागद, सगळ्यांच्या दोन-दोन प्रती न्या. प्रत नाही म्हणून एक चक्कर फुकट गेली, असे इथे अनेकांचे होते.

आबाजींचा अर्ज अजून कार्यालयातच आहे. पण घरात काही बदलले. बोलायच्या आधी सूनबाई त्यांच्या खांद्याला हात लावतात, समोर येऊन, तोंडावर उजेड पडेल असे उभे राहून, साध्या आवाजात सावकाश बोलतात. जेवताना टीव्ही बंद असतो. दुकानातून बदलून आणलेला हेडफोन नातूच वापरतो. रात्री स्पर्धा परीक्षेचे वर्ग मोबाइलवर ऐकतो. कान उघडे असल्याने आबाजींनी पाणी मागितले तर त्याला ऐकू येते. आधी कानात बोंडे असायची, तेव्हा म्हातारा हाका मारून थकायचा, असे त्यानेच सांगितले.

भाद्रपद पौर्णिमेला आबाजी विहारात आले. वाचणारी मुलगी नेहमी खाली मान घालून भरभर वाचते. तिला सांगितले, बाई, पुस्तक जरा उंच धर आणि आबाजींकडे तोंड करून वाच. आबाजींच्या हातातही त्यांची जुनी, पुठ्ठा निघालेली प्रत होती. ती वाचत होती तिथे त्यांचे बोट ओळीवरून चालले होते. एकदा तिची ओळ चुकली, तेव्हा पहिले तेच म्हणाले, "बाई, वरची राहिली."